कॅलेंडरमधली नोंद समोरच्याला दिसत नाही, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडते. वडील सांगलीला असतात. बायपासनंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या तारखा, रक्ततपासण्या आणि फिजिओथेरपीचे वार तुम्ही पुण्याहून सांभाळता. हे सगळं गूगल कॅलेंडरमध्ये घालून तुम्ही भावंडांना शेअर केलंत. भाऊ मुंबईत असतो, त्याच्याकडे आयफोन आणि ऑफिसचं आउटलुक आहे. बहीण न्यू जर्सीत असते. भावाला काही नोंदी दिसतात, काही दिसत नाहीत. डॉक्टरांची वेळ बदलली तरी त्याच्याकडे जुनीच राहिली आणि तो रजा टाकून नको त्या दिवशी सांगलीला पोचला. बहिणीने लावलेला शनिवारचा घरचा व्हिडिओ कॉल मार्चपासून तुमच्याकडे एक तास अलीकडे सरकला आहे. रिमाइंडर तुमच्याशिवाय कुणालाच वाजत नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी फिजिओच्या सगळ्या नोंदी एकदम गायब झाल्या.

बाकीचं वाचण्याआधी एक काम उरका. संगणकावर गूगल कॅलेंडर उघडा, वरच्या गिअरच्या चिन्हावर जाऊन 'ट्रॅश' निवडा, डावीकडे ज्या कॅलेंडरमध्ये त्या नोंदी होत्या ते कॅलेंडर निवडा. पुसलेल्या नोंदी तिथे साधारण ३० दिवस राहतात, नंतर कायमच्या जातात. तुमचे तीन आठवडे होऊन गेले आहेत, म्हणून हे आजच करा. नोंदीसमोरच्या बाणावर क्लिक केलं की ती जागच्या जागी परत येते. फोनवर ट्रॅश शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. लहान ऑफिसं, दवाखाने आणि बऱ्याच घरांची कॅलेंडरं लावून देण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे. अशा तक्रारी आल्या की लोक आधी फोन बंद-चालू करतात, मग ॲप काढून पुन्हा टाकतात, मग पासवर्ड बदलतात. त्याचा उपयोग क्वचितच होतो. प्रत्येक नोंदीची मूळ प्रत एकाच खात्यात असते आणि तिथून ती समोरच्याकडे कोणत्या ना कोणत्या वाटेने जाते. वाट कोणती हे कळलं की कुठे अडलं असेल ते निम्मं तिथेच कळतं, कारण प्रत्येक वाटेचं अडण्याचं ठिकाण ठरलेलं आहे.

म्हणून पहिली तपासणी मूळ प्रतीची. फोनच्या पडद्यावर तीन-चार खात्यांच्या नोंदी शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे सगळं एकत्रच ठेवलंय असं वाटतं. तसं नसतं. भावाला न दिसणारी एखादी नोंद तुमच्या फोनवर उघडा आणि तपशिलात कॅलेंडरचं नाव आणि ईमेल पत्ता बघा. तिथे तुमच्या जीमेलऐवजी 'माय कॅलेंडर', 'फोन' किंवा 'डिव्हाइस' असं काही असेल, तर ती नोंद फक्त त्या हँडसेटमध्ये आहे. फोनबरोबर आलेल्या कॅलेंडर ॲपमधून घाईत नोंद केली की असं हमखास होतं. ती शेअर होणं शक्यच नाही, आणि फोन बिघडला तर ती तुमच्याकडूनही जाते. भावाच्या आयफोनवर हाच प्रकार वेगळ्या रूपात असतो: तो स्वतः नोंद करतो ती आयक्लाउडमध्ये पडते आणि तुम्हाला कधीच दिसत नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅलेंडरखाली 'डीफॉल्ट कॅलेंडर' असतं, ते त्याने तुमच्या सामायिक गूगल कॅलेंडरवर ठेवावं. नव्या आयफोनमध्ये ही सेटिंग्ज 'ॲप्स'च्या आत गेली आहेत.

काही नोंदी दिसतात आणि काही नाहीत, याची आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे नोंद 'प्रायव्हेट' म्हणून केलेली असणं. तशा नोंदीचं नाव, फक्त पाहण्याची परवानगी असलेल्या माणसाला दिसत नाही. त्याच्याकडे नुसतं 'बिझी' येतं. दुसरं कारण लवकर ध्यानात येत नाही. हॉस्पिटलकडून अपॉइंटमेंट पक्की झाल्याचा ईमेल आला की कधीकधी जीमेल त्यातून आपोआप नोंद तयार करतं. अशा आपोआप झालेल्या नोंदी कुणाला दिसाव्यात याची स्वतंत्र सेटिंग गूगल कॅलेंडरमध्ये 'इव्हेंट्स फ्रॉम जीमेल' या भागात आहे, आणि ती 'ओन्ली मी'वर असेल तर बाकीचं कॅलेंडर कितीही मोकळेपणाने शेअर केलेलं असो, ही नोंद तुमच्यापुरतीच राहते. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका याचीच आहे: तुम्ही हाताने घातलेले फिजिओचे वार भावाला दिसत होते आणि हॉस्पिटलच्या तारखा दिसत नव्हत्या. त्या तारखा हाताने नव्याने घालणं सगळ्यात सरळ.

टास्कचंही तसंच. 'गोळ्या आणणे' हे तुम्ही टास्क म्हणून घातलं असेल, तर ते कॅलेंडरवर दिसत असलं तरी दुसऱ्या कुणाला जात नाही. सगळ्यांना दिसायला हवं असेल ते इव्हेंट म्हणूनच घाला.

आता वाटा. पहिली वाट निमंत्रणाची: एका नोंदीत भावाचा ईमेल पत्ता गेस्ट म्हणून घालायचा. दुसरी, पूर्ण कॅलेंडर त्याच्या खात्याला शेअर करण्याची. तिसरी, कॅलेंडरची लिंक देऊन त्याने ती सबस्क्राइब करण्याची. चौथी, आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरमधल्या नोंदी ज्यात साठवून पाठवता येतात ती फाइल, पाठवून त्याने ती इम्पोर्ट करण्याची, म्हणजे आपल्या कॅलेंडरमध्ये उतरवून घेण्याची. बहुतेक घरांत यांची सरमिसळ झालेली असते, आणि कोणती नोंद कशी गेली हे कुणालाच आठवत नाही. शिवाय अनेक जण ब्राउझरमधला नोंदीचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकतात. ती वाटच नव्हे. तो पत्ता तुमच्या स्वतःच्या खात्यात शिरण्याचा असतो. भावाने त्यावर टिचकी मारली की नोंद सापडली नाही एवढंच त्याला कळतं.

निमंत्रणाची वाट अडते ती बहुतेकदा पत्त्यावर. निमंत्रण माणसाला जात नाही, ईमेल पत्त्याला जातं. भावाचे तीन पत्ते असतील, एक जीमेल, एक ऑफिसचा, एक आयक्लाउडचा, आणि तुम्ही जुन्या जीमेलला निमंत्रण पाठवलं असेल, तर ते त्या जीमेलच्याच कॅलेंडरमध्ये बसेल. ते खातं फोनवर जोडलेलं नसलं तर त्याला काहीच कळणार नाही. दुसरं म्हणजे, २०२२ पासून गूगल कॅलेंडरमध्ये अशी सोय आहे की ओळखीच्या पत्त्यावरून आलेली निमंत्रणंच आपोआप कॅलेंडरवर चढतात आणि बाकीची ईमेलमध्ये उत्तराची वाट बघत थांबतात. फसव्या निमंत्रणांचा त्रास वाढला म्हणून ही सोय आली आणि ती चांगलीच आहे. पण घरातल्या कुणी नवीन पत्त्यावरून निमंत्रण धाडलं तर ते अडकतं. पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये घालायचा, किंवा एकदा त्या ईमेलमधल्या 'येस'वर क्लिक करायचं.

निमंत्रणाचा ईमेल फॉरवर्ड करण्याची सवय मात्र मोडा. तुमच्या नावाचं निमंत्रण तुम्ही भावाला पुढे ढकललंत आणि त्याने त्यातलं 'नो' दाबलं, तर तुम्हीच येणार नाही असं उत्तर जाऊ शकतं. गूगलच्या निमंत्रणाच्या ईमेलखाली बारीक अक्षरांत तशी सूचनाही छापलेली असते. दवाखान्यातल्या स्वागतकक्षात बसणाऱ्या मुली यामुळे हैराण झालेल्या मी पाहिल्या आहेत: पेशंट समोर बसलेला आणि त्यांच्या पडद्यावर त्याने अपॉइंटमेंट नाकारलेली.

पूर्ण कॅलेंडर शेअर करण्याची वाट तुमच्यासाठी सगळ्यात योग्य आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. गूगलमध्ये परवानगीचे चार टप्पे आहेत: फक्त मोकळे आहात की व्यग्र एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि नोंदी बदलण्याबरोबरच कॅलेंडर पुढे इतरांना शेअर करता येणं. ही सेटिंग्ज संगणकावरच्या ब्राउझरमधून करा. तुम्ही भावाचा पत्ता घातला की त्याला एक ईमेल जातो आणि त्यातल्या लिंकवर त्याने क्लिक केलं की कॅलेंडर त्याच्या यादीत येतं. बरेच लोक तो ईमेल उघडतच नाहीत. उघडला, तरी ब्राउझरमध्ये दोन-तीन जीमेल खाती एकाच वेळी चालू असतात आणि कॅलेंडर भलत्याच खात्यात जाऊन बसतं किंवा परवानगी नाही असा संदेश येतो. यावर उपाय सोपा: ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची, त्यात फक्त हव्या त्या खात्याने शिरायचं आणि तिथे ती लिंक उघडायची.

भावाच्या ऑफिसच्या पत्त्याला हे कॅलेंडर शेअर करू नका. मोठ्या कंपन्यांत बाहेरच्यांशी कॅलेंडर किती उघडायचं हे आयटी विभाग ठरवतो, आणि अनेक ठिकाणी 'फक्त व्यग्र किंवा मोकळे' यापुढे काही जाऊ-येऊ देत नाहीत. तिथे तुम्ही किंवा भाऊ कितीही खटपट केलीत तरी काही हलणार नाही. ते एका परीने बरंच आहे. वडिलांच्या आजाराचा तपशील ऑफिसच्या सर्व्हरवर कशाला हवा? त्याने स्वतःचं जीमेल वापरावं आणि फोनवर दोन्ही खाती ठेवावीत. ज्या दिवशी सांगलीला जायचं तेवढ्या वेळेसाठी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'रजा' अशी स्वतंत्र नोंद करावी.

आयफोनवर गूगलची सामायिक कॅलेंडरं दिसत नाहीत, ही तक्रार मला वारंवार ऐकावी लागते. आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमध्ये तुमचं मुख्य गूगल कॅलेंडर येतं, पण दुसऱ्याने शेअर केलेलं येईलच असं नाही. त्यासाठी गूगलचं 'सिंक सिलेक्ट' नावाचं एक आडबाजूचं पान आहे. भावाने ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने शिरून ते उघडायचं, सामायिक कॅलेंडरसमोर खूण करायची आणि सेव्ह करायचं. पुढचा अडथळा म्हणजे आयफोन गूगलकडून नोंदी ठरावीक काळाने ओढून घेतो. 'फेच न्यू डेटा'मध्ये 'ऑटोमॅटिकली' निवडलेलं असेल तर पडद्यामागे हे काम फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच होतं. म्हणजे सकाळी आठला घराबाहेर पडलेल्या माणसाला दुपारी केलेला बदल रात्री घरी आल्यावर कळायचा. तिथे १५ मिनिटं निवडा. माझं स्पष्ट मत विचाराल तर आयफोनवर सरळ गूगल कॅलेंडरचंच ॲप टाकावं, हा सगळा खटाटोप वाचतो.

लिंक सबस्क्राइब करण्याची वाट फक्त बघ्यांसाठी ठीक. ती एकेरी असते आणि सावकाश चालते. सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर समोरचा प्रोग्राम त्याच्या सवडीने ताजं करतो. गूगलमध्ये बाहेरची लिंक ताजी व्हायला अर्धा दिवसही लागतो, आउटलुकमध्येही काही तास धरून चाला. शाळेच्या सुट्ट्या किंवा सणवार यांना चालेल, 'डॉक्टर आज पाचऐवजी साडेतीनला बसणार आहेत' याला चालणार नाही. शिवाय गूगलच्या 'सीक्रेट ॲड्रेस'ची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला कॅलेंडर वाचता येतं. तशी लिंक कधी ग्रुपवर टाकली गेली असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट' करून जुनी लिंक निकामी करा.

चौथी वाट इम्पोर्टची, आणि भाऊ चुकीच्या दिवशी सांगलीला पोचला तो बहुधा हिच्यामुळे. आयसीएस फाइल ही त्या क्षणाची प्रत असते. इम्पोर्ट झाल्यावर तिचा मूळ नोंदीशी संबंध संपतो. तुम्ही तारीख बदललीत तरी त्याच्याकडची प्रत जुनीच राहणार. नवी फाइल पाठवलीत तर दोनपैकी काहीही होऊ शकतं, आणि ते का होतं हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. अशी एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत साध्या ओळी दिसतील. त्यात 'यूआयडी' अशी एक ओळ असते. ती त्या नोंदीची कायमची ओळख. 'सीक्वेन्स' नावाची दुसरी ओळ असते, तिच्यातला आकडा प्रत्येक महत्त्वाच्या बदलानंतर वाढतो. ओळख तीच आणि आकडा मोठा असेल तर कॅलेंडर म्हणतं, ही जुन्याच नोंदीची नवी आवृत्ती, आणि जुनी बदलतं. पण पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामने वेळ बदलताना नवीनच यूआयडी दिला, तर कॅलेंडरच्या लेखी ती दुसरीच अपॉइंटमेंट असते. जुनी १४ तारखेची आणि नवी १६ तारखेची, दोन्ही शेजारीशेजारी राहतात. दवाखान्यांची काही सॉफ्टवेअरं असंच करतात. तुमच्याकडे अशी जोडी दिसली तर जुनी हाताने पुसणं याला पर्याय नाही.

निमंत्रणातही जुनी वेळ राहू शकते, कारण मात्र वेगळं. नोंद बदलून सेव्ह करताना गूगल विचारतं की गेस्टना ईमेल पाठवायचा का. घाईत 'डोन्ट सेंड' दाबलं जातं. समोरचा गूगल कॅलेंडर वापरत असेल तर बदल त्याच्याकडे तरीही उमटतो, पण तो आउटलुक किंवा आयक्लाउडवर असेल तर ईमेल हाच बदल पोचवण्याचा मार्ग असतो. तो गेला नाही म्हणजे बदल गेला नाही. बाहेरच्या गेस्टला कधीही 'डोन्ट सेंड' करू नका.

आता बहिणीचा एक तास. हा बिघाड नाही, नियमाने होतंय, म्हणून नीट समजून घ्या. भारतात घड्याळ वर्षभर एकच, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं; २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. दर आठवड्याची नोंद ज्याच्या टाइमझोनमध्ये केली त्याच्या घड्याळाला ती बांधलेली असते. तुमच्या बहिणीने शनिवारी सकाळी साडेआठचा कॉल लावला. हिवाळ्यात तिचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सात. ८ मार्चनंतर तिचे साडेआठ साडेआठच राहिले आणि आपल्याकडे कॉल सहावर आला. नेमकी ती वडिलांची फिरायला जायची वेळ. हाच कॉल तुम्ही संध्याकाळी सातचा म्हणून केला असता, तर आपल्याकडे बारा महिने सात राहिले असते आणि तिच्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ झाले असते.

म्हणून ठरवून घ्या: ज्याची वेळ हलता कामा नये त्याच्या टाइमझोनमध्ये नोंद करायची. वडिलांच्या आणि डॉक्टरांच्या सगळ्या नोंदी भारताच्या वेळेत हव्यात. बहिणीने न्यू जर्सीतून नोंद केली तरी हरकत नाही, पण वेळेशेजारच्या 'टाइमझोन'वर जाऊन तिने कोलकाता निवडावं. संगणकांच्या यादीत भारतीय वेळ 'एशिया, कोलकाता' या नावाने असते. मुंबई किंवा दिल्ली शोधत बसू नका. जुन्या फायलींत 'कॅलकटा' दिसलं तरी ते तेच. लंडनला कुणी असेल तर तिथलं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेनंतर दोन-तीन आठवड्यांनी. त्या मधल्या काळात तीन देशांतलं गणित रोजच्यापेक्षा वेगळं असतं, आणि मार्चमध्ये मला येणारे निम्मे फोन त्याच आठवड्यांतले असतात.

याच घरातली दुसरी गंमत म्हणजे तारखाच सरकणं. वडिलांचा वाढदिवस १२ ऑगस्टचा धरू. तो रात्री १२ ते दुसऱ्या रात्री ११:५९ अशी वेळ घालून केला, तर न्यू जर्सीत तो ११ ऑगस्टला दुपारी अडीचला सुरू होताना दिसेल. 'ऑल डे'ची खूण केली की नोंदीला वेळ राहत नाही, नुसती तारीख राहते, आणि ती जगभर १२ तारखेलाच दिसते. उपवासाची रक्ततपासणी, सोनोग्राफीआधीचं पथ्य अशा दिवसभराच्या गोष्टींनाही हेच करा.

काही आयसीएस फायलींत वेळ असते पण टाइमझोनच नसतो. नोटपॅडमध्ये 'डीटीस्टार्ट'च्या ओळीत तारीख आणि वेळ दिसेल. शेवटी झेड हे अक्षर असेल तर ती ग्रीनिचची वेळ, 'टीझेडआयडी' असेल तर त्या गावची. दोन्ही नसेल तर ज्या फोनवर उघडेल तो फोन ती आपल्याच गावची वेळ समजतो. सांगलीतली सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट बहिणीला तिच्या सकाळी साडेदहाला दिसते ती अशा फाइलमुळे. ती फाइल दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, नोंद हाताने करा.

तिथी हा वेगळाच विषय, पण तुम्ही आईच्या श्राद्धाची नोंद 'दरवर्षी' म्हणून लावली आहे असं लिहिलंय, म्हणून सांगते. कॅलेंडरची पुनरावृत्ती इंग्रजी तारखेवर चालते. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहेच. ही पुनरावृत्ती काढून टाका आणि दर पाडव्याला पंचांग बघून वर्षाची एकेक तारीख घाला. बहिणीकडे ती तिथी कधीकधी आदल्या दिवशी येते. तिने तिथल्या पंचांगाप्रमाणे स्वतःची नोंद करावी.

रिमाइंडरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की तुम्ही लावलेला रिमाइंडर सगळ्यांना वाजेल. रिमाइंडर ज्याचा त्याचा असतो. सामायिक कॅलेंडरमध्ये तुम्ही 'एक दिवस आधी' असं लावलंत तर ते तुमच्यापुरतं. भावाने आणि बहिणीने आपापल्या गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये त्या सामायिक कॅलेंडरवर जाऊन सूचना एकदा लावायच्या. मग त्यातल्या सगळ्या नोंदींना लागू होतात. डॉक्टरांच्या तारखांसाठी मी दोन लावायला सांगते: दोन दिवस आधी ईमेल, म्हणजे रजा आणि गाडीची सोय करता येते, आणि दोन तास आधी फोनवर सूचना. लावूनही वाजत नसेल तर फोन तपासा. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला सूचना देण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवून ठेवतात. तिथे कॅलेंडर ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्यायची आणि 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करायचं.

फिजिओच्या नोंदी कशा गेल्या याचा अंदाज सांगते. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी ती एकच माळ आहे. कुणीतरी एका दिवसाचं सत्र रद्द करायला गेलं, 'फक्त हा इव्हेंट', 'हा आणि यापुढचे', 'सगळे' यांपैकी शेवटचं दाबलं गेलं आणि पूर्ण माळ गेली. ज्याला बदलाची परवानगी आहे त्याने सामायिक कॅलेंडरमधून काही पुसलं की ते सगळ्यांकडून जातं. निमंत्रणात तसं होत नाही. गेस्टने पुसलं तर फक्त त्याच्याकडून जातं. म्हणूनच बदलाची परवानगी दोघांपेक्षा जास्त लोकांना देऊ नका. तुम्ही आणि भाऊ पुरे. बहिणीला पाहण्याची द्या, तिला काही बदलायचं असेल तर तुम्हाला कळवेल. तिला वाईट वाटेल असं वाटत असेल तर तिलाही द्या, पण मग पुनरावृत्तीच्या त्या तीन पर्यायांचा अर्थ तिघांनी एकत्र बसून नीट बघून घ्या.

पुढच्या वेळी काहीतरी दिसेनासं झालं तर तपासणीचा क्रम असा ठेवा. 'चाचणी' नावाची एक नोंद उद्या दुपारी चारची करा. आधी तुमच्या संगणकावर ब्राउझरमध्ये बघा. मग भावाला त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच जीमेलने शिरून बघायला सांगा. तिथे नसेल तर दोष परवानगीचा किंवा खात्याचा. त्याच्या फोनला हात लावायचं कारण नाही. ब्राउझरमध्ये आहे आणि फोनवर नाही, तर दोष फोनचा: त्या कॅलेंडरसमोरची खूण निघालेली असते, ॲपच्या सेटिंग्जमधलं त्या कॅलेंडरचं 'सिंक' बंद असतं, किंवा फोनमध्ये जागाच उरलेली नसते. फोनवर दिसतं पण वाजत नाही, तर फक्त सूचनांच्या सेटिंग्ज बघा. जुन्याच नोंदी दिसत नसतील तर आयफोनमध्ये कॅलेंडरखाली 'सिंक' किती महिन्यांपर्यंत मागचं आणायचं यावर मर्यादा असते, ती 'ऑल इव्हेंट्स'वर न्या.

आता तुमच्या घरासाठी मी काय करेन ते. तुमच्या खात्यात 'बाबा' नावाचं नवीन स्वतंत्र कॅलेंडर काढा. तुमचं मुख्य कॅलेंडर शेअर करणं बंद करा, नाहीतर तुमच्या ऑफिसच्या मीटिंगा बहिणीला आणि पार्लरची अपॉइंटमेंट भावाला दिसत राहते. गूगलच्या फॅमिली ग्रुपला आयतं कौटुंबिक कॅलेंडर मिळतं, पण तो ग्रुप जास्तीत जास्त सहा जणांचा असतो आणि त्यात सांगलीच्या केअरटेकरना घेणं प्रशस्त नाही. म्हणून वेगळं कॅलेंडर बरं. सगळ्या चालू तारखा त्यात हलवा: नोंद उघडून कॅलेंडरचं नाव बदललं की ती हलते. भावाकडे इम्पोर्ट केलेल्या जुन्या प्रती त्याला पुसायला लावा, नाहीतर दुहेरी नोंदी राहतील. नोंदीच्या नावातच सगळं लिहा, 'बाबा, हृदयरोग ओपीडी, उपाशीपोटी, जुनी फाइल नेणे' असं. पत्ता लोकेशनमध्ये आणि दवाखान्याचा फोन वर्णनात. वेळ पुढे-मागे झाली तर जुनी पुसून नवी करू नका, तीच नोंद उघडून बदला. रद्द झाली तरच पुसा.

केअरटेकरना फक्त पाहण्याची परवानगी द्या, आणि निदान किंवा रिपोर्टचे आकडे वर्णनात लिहू नका. त्यांना वेळ, ठिकाण आणि काय न्यायचं एवढं पुरतं. त्यांचं काम संपलं की त्याच दिवशी सेटिंग्जमधून त्यांचा पत्ता काढा. वडील स्वतः स्मार्टफोनवर कॅलेंडर बघत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी दर रविवारी आठवड्याचा कागद छापून घ्या. गूगल कॅलेंडरमध्ये आठवड्याच्या दृश्यात 'प्रिंट' आहे. छापताना बाकीच्या कॅलेंडरांच्या खुणा काढून फक्त 'बाबा' चालू ठेवा, म्हणजे कागदावर त्यांच्याच तारखा येतील.